वळवलेली रेघ

१

शनिवारी दुपारी इमारत गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला आणि रविवारी सकाळी जेकब लोवेन आपल्या खुर्चीत गारठून मेलेला सापडला. अंगात जाड पार्का कोट, कानांवर ओढलेली लोकरीची टोपी, मांडीवर बायकोच्या हातची गोधडी. विनिपेगचा डिसेंबर, बाहेर पारा उणे तिसाच्याही खाली. शेजारच्या एडना फ्रीसनने दार वाजवून वाजवून हात दुखवून घेतले आणि शेवटी रखवालदाराला किल्ली आणायला लावली.

एल्मग्रोव्ह गृहमंडळाच्या म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतींत बॉयलर बंद पडणं काही नवलाचं नव्हतं. त्यासाठीच तर अलार्म होता. तळघरातलं तापमान उतरलं की अलार्मचा प्रोग्रॅम आपण होऊन ड्यूटीवरच्या मिस्त्रीला फोन लावायचा. कुणाला लावायचा, तो नंबर एका डेटाबेसमधून वाचायचा. त्या शनिवारी प्रोग्रॅम नंबर वाचायला गेला आणि डेटाबेस जाग्यावरच नव्हता. आदल्या दिवशी मंडळाने तो बंद केला होता. कुणीही तो वापरत नाही, असं मंडळाच्या संगणक खात्यातल्या मारिवीक दुमलावच्या अहवालात लिहिलं होतं म्हणून.

"आणि आता म्हणतात, सही कर," मारिवीक म्हणाली. तिने हातातला कागद युनियनच्या टेबलावर आपटला. "दुर्लक्ष माझ्याकडून झालं, असं लिहून दिलं तर नुसती बदली. नाही दिलं तर घरी. मी नाही देणार, मावशी. एक माणूस मेलाय. त्याच्या मरणाखाली मी खोटी सही नाही करणार."

टेबलापलीकडे बर्निस ओकीमाव बसली होती. युनियनमध्ये कुणावर बालंट आलं की प्रकरण तिच्याकडे यायचं. उत्तरेकडच्या क्री आदिवासींच्या वस्तीत जन्मलेली, साठीला टेकलेली बाई. आधी बरीच वर्षं भाडेकरूंच्या बाजूने घरमालकांशी भांडलेली. ऑफिसातली तरुण पोरं तिला मावशी म्हणायची आणि साहेब मंडळी ती दिसली की लिफ्टऐवजी जिना धरायची.

"ज्यावरून अहवाल लिहिलास ते तुझं यंत्र काय करतं ते मला सांग," बर्निस म्हणाली. "मला कळेल असं सांग. मला कळलं तर सुनावणीतल्या लोकांनाही कळेल."

मारिवीक सांगू लागली. "नेटवर्कवर सोडलं की ते आपोआप घरोघर फिरतं. प्रत्येक सर्व्हरचं दार वाजवतं आणि विचारतं, तू कोण, तुझ्यावर कुठला प्रोग्रॅम चालतो, तो कुठल्या डेटाबेसशी बोलतो. सर्व्हरची सेटिंग वाचतं, चालू असलेलं बोलणंही ऐकतं. मग नकाशा काढतं. कोण कोणाशी जोडलंय, त्याच्या रेघा. मंडळ सगळं नव्या जागी हलवणार होतं. काय हलवायचं आणि काय बंद करायचं, ते या नकाशावरून ठरणार होतं."

"आणि तो जुना डेटाबेस?"

"आम्ही तिला म्हातारी म्हणतो. नोव्हेंबरात दोन आठवडे यंत्र फिरलं आणि म्हातारीकडे एकही रेघ आली नाही. एकही नाही! पण जेकब लोवेन गेल्यावर त्यांनी अलार्मच्या सर्व्हरची सेटिंग उघडली, तर अलार्म सरळ म्हातारीकडे जातोय. म्हणून ते म्हणतात, मी त्या सर्व्हरवर यंत्र चालवलंच नाही. अहवाल ठोकून दिला."

"चालवलंस?"

"मावशी, तुम्हीपण?"

"मी आज विचारते. सोमवारी ते विचारतील."

"चालवलं," मारिवीक म्हणाली. तिची मान तसूभरही खाली गेली नाही.

खोटं बोलणारी माणसं बर्निसने उदंड पाहिली होती. ती बहुधा जास्त बोलायची.

"म्हणजे तू खोटं बोलत नाहीस," ती म्हणाली. "तुझं यंत्र खोटं बोलतं का?"

"त्याला जे दिसतं तेच ते सांगतं."

"मग एकच उरलं, पोरी. तुझ्या यंत्राशी कुणी खोटं बोलू शकतं का?"

हा प्रश्न मारिवीकला स्वतःला पडलाच नव्हता.

२

मंडळाच्या संचालिका शीला हॅलोरन यांनी बर्निसला बसायला सांगितलं, पण कॉफी विचारली नाही.

"हे बघा बर्निस, आम्हालाही वाईट वाटतंय. मुलगी हुशार आहे. पण कुठेतरी जबाबदारी ठरवावी लागते ना?"

"कुठेतरी म्हणजे कुठेही नव्हे," बर्निस म्हणाली. "म्हातारी महिनाअखेरीस बंद व्हायची होती. नाताळच्या आधीच का बंद केली?"

"मशीन ठेवायची जागा आम्हाला लवकर सोडायची होती. मीच ठरवलं. अहवाल हातात होता, मग थांबायचं कशासाठी?"

"सगळ्यांना कळवलं होतं?"

"आर्मांडला कळवलं. तोच डेटाबेस सांभाळतो. बाकीचे निम्मे सुट्टीवर. कर्टिस तर मेक्सिकोत होता." हॅलोरनबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "आधीच भाडेकरूंचा वकील डोक्यावर बसलाय. ऑक्टोबरपासून मागे लागलाय, दोन हिवाळ्यांतले सगळे अलार्म दाखवा म्हणून. त्यात हे!"

"दाखवले?"

"कर्टिसकडे दिलंय ते काम. देईल म्हणाला."

कर्टिस थॉर्लाकसनची खोली त्याच मजल्यावर होती. अलार्मचा प्रोग्रॅम त्याच्या हाताखाली चालायचा. मेक्सिकोच्या उन्हाने नाकाचं साल निघालेलं, बोलणं मधासारखं. त्याने बर्निसला स्वतः कॉफी करून दिली.

"मारिवीकबद्दल मला खरंच वाईट वाटतं," तो म्हणाला. "पण माझ्या अलार्मला दोष देऊ नका. आठ वर्षं चालवतोय. तो रोज सकाळी आपण होऊन माझ्या फोनवर हजेरी देतो, 'सर्व ठीक आहे' म्हणून. एक दिवस नाही दिली, की मी लगेच धावतो."

"कधी चुकली?"

"मी सुट्टीवर गेल्यावरचं मला माहीत नाही. पण त्याआधी, नोव्हेंबर म्हणाल, तर एक सकाळ चुकलेली नाही. बायको वैतागते. म्हणते, हा मेला माझ्याआधी तुला गुड मॉर्निंग करतो."

तो हसला. बर्निसही हसली.

"अलार्मची सेटिंग कोण बदलू शकतं?"

"मी, आणि अडचण आली तर आर्मांड. मारिवीकच्या यंत्रालाही आत यायची किल्ली दिली होती म्हणा." त्याने आवाज जरा उतरवला. "मला कुणावर आळ घ्यायचा नाही. पण अहवाल वेळेत द्यायची घाई तिलाच होती."

बर्निसने कॉफी अर्धी ठेवली आणि उठली. या माणसाने दोन घोट व्हायच्या आत, कुणावरही आळ न घेता, दोन माणसांची नावं पुढे केली होती.

३

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दोघी युनियनच्या खोलीत बसल्या. मारिवीकच्या आईने डबाभर पान्सित दिलं होतं. त्या शेवयांना मारिवीकने हात लावला नाही; बर्निसने मात्र मनापासून खाल्ल्या.

"जेव," बर्निस म्हणाली. "उपाशीपोटी भांडता येत नाही. आणि मला सांग, म्हातारीबद्दल तू यंत्राला नेमकं काय विचारलंस?"

"हिच्याकडे कोण कोण येतं, ते विचारलं. बंद करायच्या प्रत्येक डेटाबेसबद्दल तेच विचारायचं असतं. उत्तर आलं, कुणी नाही."

"बरं. समज, मी एका घराच्या दाराशी उभी राहिले आणि म्हटलं, इथे पीटर येत नाही. म्हणजे पीटर मेला का?"

"नाही. म्हणजे तो दुसरीकडे…"

मारिवीकने नुकताच उचललेला काटा परत डब्यात ठेवला.

"तू विचारलंस, त्या घरी कोण येतं," बर्निस सावकाश म्हणाली. "अलार्मला नंबर लागतातच ना? दोन आठवडे तो म्हातारीकडे गेला नसेल, तर कुठे जात होता? हे विचारलंस?"

"नाही." मारिवीकचा चेहरा लाल झाला. "नाही विचारलं. विचारायला हवं होतं."

"तो पश्चात्ताप मग कर. नकाशा आहे अजून?"

"कुणाला तो पुसता येऊ नये म्हणून पहिल्याच दिवशी त्याची प्रत युनियनला दिलीय. तुमच्याच कपाटात आहे."

त्यांनी प्रत लॅपटॉपवर उघडली. शेकडो ठिपके, त्यांच्यामधून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा. मारिवीकने अलार्मच्या सर्व्हरवर बोट ठेवलं. म्हणजे यंत्र तिथे पोचलं होतं, दार वाजवून आलं होतं. एवढ्यावरच मंडळाचा अर्धा आरोप गळून पडत होता. त्या ठिपक्यातून एक रेघ निघाली होती. मारिवीकने ती बोटाने हळूहळू धरून नेली, आणि जिथे ती थांबली ते नाव वाचून ती खुर्चीतून उठलीच.

"हे शक्य नाही," ती म्हणाली. "मावशी, हा सरावाचा डेटाबेस आहे! नवीन माणसांना शिकवायला, चाचण्या घ्यायला ठेवलेला. त्यात सगळं खोटं असतं. खोट्या इमारती, खोटे बॉयलर."

"खोटे फोन नंबरही?"

"ते मला माहीत नाही. तो आर्मांडने भरलाय."

४

आर्मांड लाफ्रेनिएर सापडला तो गोठलेल्या नदीवर, मासे धरायच्या आपल्या लाकडी खोपटात. शनिवार होता, आणि सेंट बोनिफेस वस्तीतला हा फ्रेंच गडी हिवाळ्यातला शनिवार दुसरीकडे कुठे घालवत नसे. बर्फातल्या भोकात गळ सोडून तो बादलीवर बसला होता. बर्निसला तो वीस वर्षं ओळखत होता.

"दार लाव आधी! माझी ऊब जातेय. भांडायला आली असशील तर मासे पळतील."

"मासे तुला बघूनच पळालेत. बादली रिकामी दिसतेय," बर्निस म्हणाली आणि दुसऱ्या बादलीवर बसली. "म्हातारी तूच बंद केलीस ना?"

त्याचा चेहरा पडला. "मीच. बाईंचा हुकूम आला, अहवाल समोर होता, बटण दाबलं. त्या दिवसापासून झोप नाही नीट. पण बर्निस, मी नुसती बंद केलीय. पुसलेली नाही. पुसायचं पत्र आलंय, पण सुनावणी होईपर्यंत मी हात लावणार नाही म्हणून सांगितलं. काढून टाका म्हटलं मला."

"पुसायची घाई कुणाला आहे?"

"पत्र बाईंच्या सहीचं आहे. कोण त्यांच्या कानाला लागलं ते मला काय ठाऊक."

"तिच्यात काय आहे असं?"

"सगळं. नंबर, प्रत्येक अलार्म, तो कुणी बघितला, कुणी गप्प केला, नावानिशी. म्हातारी काही विसरत नाही."

बर्निसने थर्मासमधला चहा त्याला दिला. "आता नीट आठव. अलार्म जर चुकून सरावाच्या डेटाबेसातून नंबर वाचायला लागला, तर फोन कुणाला जाईल?"

आर्मांड हसायला लागला. "कुणाला जाणार? तिथे एकच नंबर आहे. सगळ्यांच्या नावापुढे तोच. मी भरला तेव्हा ओल्गा आमच्या खात्यात होती, चाचणीचे फोन तीच घ्यायची. निवृत्त झाली, तरी मी तो बदलला नाही. सराव तर कधी बाहेर फोन लावत नाही, म्हटलं राहू दे. अगं, खरोखर लागला ना तर ओल्गा पावलिशिन माझं…"

त्याच्या हातातली गळाची काठी खाली गेली.

"तिने मला नोव्हेंबरात निरोप ठेवला होता," तो हळूच म्हणाला. "फोनवर शिव्या. कसलातरी रोबो सकाळी त्रास देतोय म्हणून. मला वाटलं, कुणी जाहिरातवाले असतील. मी परत फोनसुद्धा केला नाही."

गळाला काहीतरी लागलं होतं. दोघांपैकी कुणीच तिकडे पाहिलं नाही.

५

युक्रेनियन चर्चच्या तळघरात पिरोगींचा, म्हणजे उकडायच्या करंज्यांचा, घाणा पडला होता. लांब टेबलांभोवती डझनभर बायका, पिठाने पांढऱ्या झालेल्या. ओल्गा पावलिशिन त्यांची मुकादम. तिने बर्निसला आणि मारिवीकला नुसतं बसू दिलं नाही.

"हात धुवा आणि कडा मिटा. बोलणं तोंडाने होतं, हात कशाला रिकामे?"

मारिवीकने पहिला पिरोगी मिटला. ओल्गाने तो उघडून पुन्हा मिटला.

"हं. तर तो रोबो," ओल्गा म्हणाली. "मी पीठ भिजवायला घेतलं की फोन. रोज सकाळी. 'एल्मग्रोव्ह. सर्व ठीक आहे.' अरे, असेल ठीक, तर मला कशाला सांगतोस? दोन आठवडे! आर्मांडला निरोप ठेवला, तो गधडा काही बोलला नाही. मी म्हटलं, मरू दे. पण मग एके दिवशी दुपारी वाजला, आणि या वेळी काही ठीक नव्हतं. 'बॉयलर थंड होत आहे, त्वरित जावे,' आणि इमारतीचं नाव. तीच इमारत, जिथला तो म्हातारा गेला." तिने छातीवर क्रूस काढला. "मी कुणाची वाट बघते काय! मंडळाला फोन लावला. म्हटलं, मला अलार्मवाल्यांकडे जोडा."

"कोण बोललं?"

"नाव नाही सांगितलं. पुरुष होता. गोड बोलणारा, नको इतका गोड. म्हणाला, धन्यवाद, लगेच मिस्त्री पाठवतो, आणि उद्यापासून तुम्हाला त्रास होणार नाही. खरंच, दुसऱ्या दिवसापासून फोन बंद."

"यंत्र फिरायचं त्याच्या आदल्याच दिवशी थांबलं होतं," मारिवीक पुटपुटली.

"तुम्ही हे सोमवारी सगळ्यांसमोर सांगाल?" बर्निसने विचारलं. "समोर मोठे लोक असतील. तुमची पेन्शन त्याच मंडळाकडून येते."

ओल्गाने हातांवरचं पीठ झटकलं. "पोरी, माझी आई युक्रेनमधल्या उपासमारीतून जिवंत आली. मला कोण भीती घालणार, शीला हॅलोरन? तिला टायपिंग मी शिकवलंय."

परतताना गाडीत मारिवीक बोटांवरचं पीठ खरवडत होती. मग म्हणाली, "म्हणजे यंत्राने खरंच सांगितलं होतं. कुणीतरी अलार्मला दोन आठवडे दुसरीकडे वळवलं, यंत्र निघून गेल्यावर परत म्हातारीकडे नेलं. पण कोणी? तिघं करू शकतात. आर्मांड, कर्टिस आणि त्यांच्या हिशेबाने मी."

"तिघं करू शकतात," बर्निस म्हणाली. "केलंय एकानेच, आणि ते त्याने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. माझ्यासाठी कॉफी करता करता."

६

सुनावणीला टेबलाच्या एका बाजूला हॅलोरनबाई, मंडळाचा वकील आणि कर्टिस. दुसऱ्या बाजूला बर्निस आणि मारिवीक. आर्मांड लॅपटॉप घेऊन मधे. भिंतीशी ओल्गा, चर्चला जायचा कोट घालून. तिने नुकतंच सगळं सांगून संपवलं होतं.

"म्हणजे अलार्म दोन आठवडे सरावाच्या डेटाबेसकडे वळवला होता," बर्निस म्हणाली. "नकाशात ती रेघ आहे आणि ओल्गाबाईंच्या फोनने ती खरी ठरवलीय. आता वळवली कुणी? मारिवीकने? नकाशा तिच्या हातात होता. तिला रेघ नको असती तर तिने ती खोडली असती. ज्याच्या हातात नकाशा नाही, तोच रस्ता वळवायची मेहनत करतो."

वकील काहीतरी लिहू लागला.

"आर्मांडने? सरावात ओल्गाबाईंचा नंबर त्यानेच भरलाय. तिकडे वळवलं तर पहिल्याच सकाळी फोन कुठे वाजेल, हे त्याला पक्कं ठाऊक. आणि ओल्गाबाईंशी मुद्दाम वाकडं घेईल, एवढा तो शूर नाही."

"अजिबात नाही," आर्मांड म्हणाला.

"ज्याने वळवलं त्याला तो नंबर जिवंत आहे हे माहीत नव्हतं. आता हजेरीचा फोन. अलार्म एका वेळी एकाच डेटाबेसातून सगळे नंबर वाचतो, हजेरीचासुद्धा. बरोबर ना, आर्मांड? त्या दोन आठवड्यांत 'सर्व ठीक आहे' ओल्गाबाईंच्या स्वयंपाकघरात वाजत होतं. पण मिस्टर थॉर्लाकसन, तुम्ही मला सांगितलंत, नोव्हेंबरात तुमची एक सकाळ चुकली नाही. मग तुम्हाला गुड मॉर्निंग कोण करत होतं?"

कर्टिसने पाण्याचा ग्लास उचलला. "ती तर माझी बोलायची पद्धत होती. रोज येतो म्हणून येतोच, असं म्हणालो. एखाद-दोन वेळा आला नसेल."

"एक सकाळ चुकली की धावता, असंही म्हणालात. सलग दोन आठवडे चुकल्या आणि तुम्ही जागचे हलला नाहीत. हजेरी का येत नाही हे ठाऊक असलेला माणूसच निवांत बसतो."

"हा नुसता तर्क आहे," वकील म्हणाला. "त्यांना असं करायचं कारण काय?"

"कारण म्हातारीत आहे. दोन हिवाळ्यांतला प्रत्येक अलार्म आणि तो कुणी गप्प केला त्याचं नाव. भाडेकरूंच्या वकिलाला तेच हवंय. कुणी मुद्दाम पुसलं असतं तर गुन्हा झाला असता. पण यंत्र म्हणालं, हा डेटाबेस कुणी वापरत नाही, आणि मंडळाने रीतसर बंद करून पुसून टाकला, तर कुणाकडे बोट दाखवणार? मिस्टर थॉर्लाकसन म्हणतील, तिच्यात तसलं काही नाही. ठीक आहे. आर्मांड, चालू कर. सगळे मिळून बघू."

आर्मांडने लॅपटॉप उघडला. त्याची बोटं कळांवर गेली.

"थांब," कर्टिस म्हणाला. "नको."

आपण काय बोलून बसलो, ते त्याला बोलल्यावर कळलं असावं. त्याने ग्लास टेबलावर ठेवला.

"तो बॉयलर दिवसाआड कोकलायचा," तो म्हणाला. आवाजातला मध कुठल्या कुठे गेला होता. "मिस्त्री मला शिव्या घालायचे. नवीन बॉयलर मागितला, दोनदा मागितला, मंडळाने नाही म्हटलं. मग मी अलार्म गप्प करायला लागलो. वाजला की गप्प. माझ्या नावाने. काही होत नव्हतं, थोड्या वेळाने बॉयलर आपोआप सुरू व्हायचा. मग वकिलाचं पत्र आलं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "ही बाई फोनवर आली तेव्हा मी घाबरलो. अलार्म परत म्हातारीवर नेला. यंत्र तोवर निघून गेलं होतं. महिनाअखेरीच्या आत अलार्म नव्या डेटाबेसवर नेणार होतो, शप्पथ सांगतो. मी मेक्सिकोत होतो. तारीख अलीकडे आणली, हे मला कुणी कळवलंच नाही."

"जेकब लोवेनलाही कुणी कळवलं नाही," मारिवीक म्हणाली.

हॅलोरनबाई सगळ्यांत आधी सावरल्या. "मारिवीकवरचा आरोप मागे घेतला," त्या म्हणाल्या. "मिस्टर थॉर्लाकसन आजच राजीनामा देतील. माझी एकच विनंती आहे. हे या खोलीबाहेर जाऊ नये. लोक उगीच घाबरतील. मारिवीक, तुझ्या बढतीचं आपण लवकरच बघू."

"दोनदा मागितलेल्या बॉयलरचं काय?" मारिवीकने विचारलं.

"तो वेगळा विषय आहे."

"नाही, मॅडम. रेघ तिथेच जाते." ती उभी राहिली. "बढती ठेवा. मी हे सांगणार आहे. ज्यांच्या खोल्या थंड पडल्या, त्यांना आधी सांगणार आहे. मला काढायचं असेल तर आत्ताच काढा, म्हणजे तिथे जाऊन तेही सांगता येईल."

वकिलाने हॅलोरनबाईंच्या हातावर हात ठेवला. बर्निसने आपला पार्का उचलला आणि आर्मांडकडे वळली.

"म्हातारीची एक प्रत पोलिसांना, एक भाडेकरूंच्या वकिलाला. आज. पुसायचं पत्र कुणी आणलं तर माझ्याकडे पाठव."

"आनंदाने," आर्मांड म्हणाला.

७

जेकब लोवेनच्या इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये म्हातारी मंडळी कॉफीला जमली होती. रेडिएटर आता धगधगत होते. माणूस गेल्यावर मंडळाने भाड्याचा बॉयलर आणून बसवला होता. बर्निस, आर्मांड आणि ओल्गा भिंतीशी थांबले आणि मारिवीक सगळ्यांच्या मधे उभी राहिली. ती सोपं बोलली, काही गाळलं नाही. घंटा कुणी गप्प केली, यंत्राला कसं फसवलं, तारीख कुणी अलीकडे आणली.

"आणि मी एक प्रश्न विचारायची राहिले," ती म्हणाली. "अलार्म कुठे जातो, हे मी विचारलं असतं तर कदाचित मिस्टर लोवेन आज इथे असते. तेवढं माझं आहे. ते मी दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही."

कोपऱ्यातला एक जण रडत होता, पण आवाज न करता.

एडना फ्रीसनने कप खाली ठेवला. "दोन हिवाळ्यांपूर्वी मी स्वतः तीनदा फोन केला. मला म्हणाले, बाई, आमच्याकडे अलार्म वाजलेलाच नाही, तुम्हाला वयामुळे थंडी वाजत असेल. मी खरंच स्वेटर चढवून बसले. मला वाटलं, मीच म्हातारी झाले."

"अलार्म वाजला होता," मारिवीक म्हणाली.

"हं." एडनाने टेबलाला धरून स्वतःला उभं केलं. ती पाच फूटही उंच नव्हती. "मंडळाची सभा कधी असते?"

"आजच आहे, दुपारी. पण आत बाहेरच्यांना घेत नाहीत."

"दाराला आतून कुलूप लावतात का?"

बर्निस पहिल्यांदाच मोकळेपणी हसली. "नाही लावत."

"मग कोट घाला रे," एडना म्हणाली. "ज्यांना चालता येतं त्यांनी खुर्चीवाल्यांना ढकला. विल्मा, तुझी ऑक्सिजनची नळी नीट लाव. आणि टोप्या घ्या, बाहेर मरायला नाही जायचंय."

बर्फातून चाकं अडकत होती, वॉकर घसरत होते. मारिवीकने एक खुर्ची धरली, आर्मांडने दुसरी. ओल्गा सगळ्यांच्या पुढे, जणू चर्चची मिरवणूक काढलीय. कुणीतरी बसवाल्याला हात केला आणि त्याने काही न विचारता रॅम्प खाली सोडला.

मंडळाच्या ऑफिसात रिसेप्शनवरची मुलगी गडबडून उठली. समोर पार्क्यांची आणि काठ्यांची भिंत उभी होती, आणि दारातून अजून माणसं येतच होती.

"आत सभा चालू आहे," ती म्हणाली. "तुम्ही भेटीची वेळ घेतली होती का?"

"दोन हिवाळ्यांपूर्वी," एडना म्हणाली आणि तिने सभेचं दार ढकललं.